काजवालीचं पाठांतर

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. शिंप्यांनी शिवलेल्या डगल्यांना बटणांची काजं करून देणं हा तिचा धंदा. कापडाला बेतानं चीर द्यायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं चिरेच्या कडेला टाक्याला टाका भिडवत यायचं आणि दोन्ही टोकांना आडवे टाके घालून काज बंद करायचं. डगला कितीही भारी असो, काज उसवलं की चारचौघांत मालकाची शोभा होते, असं ती म्हणायची. उजेड असेपर्यंत ती खिडकीशी बसून काजं करायची, आणि उजेड गेला की हात मांडीवर ठेवून नुसती बसायची.

नवरा जहाजावर सुतार होता. लग्नानंतर चार वर्षांनी जो गेला तो परत आला नाही. जहाज बुडाल्याची बातमी नाही, पोचल्याचीही नाही. पहिली तीन वर्षं ती दर आठवड्याला धक्क्यावरच्या कचेरीत जाऊन विचारायची. तिथला कारकून तिला लांबूनच पाहून मान हलवायचा आणि ती दारातूनच मागे फिरायची. मग तो कारकून बदलला. नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. ते तिच्याच्यानं झालं नाही. ती जायची थांबली. मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण होती, पण ती लग्न होऊन दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावी गेलेली, तिच्या पाठीमागे पाच पोरांचा पसारा.

सतराशे चौऱ्याहत्तर सालच्या शरद ऋतूत तिच्या डोक्यावरची खोली भाड्यानं गेली. घरमालकीण जिन्यात सांगून गेली, "एकटे गृहस्थ आहेत. धान्याच्या कोठारात कारकून, दुपारी घरी येतात. पाहुणेरावळे नाहीत, दारू नाही, गाणंबजावणं नाही. आवाज म्हणून यायचा नाही."

दुसऱ्याच दिवशी दुपारी वर पावलं वाजायला लागली. खिडकीपासून दारापर्यंत सात, दारापासून खिडकीपर्यंत सात. छत म्हणजे वरच्या खोलीची नुसती फळ्यांची जमीन. प्रत्येक फेरीला फटींतून धूळ पडायची, ती नेमकी काळ्या कापडावर. तिनं छताखाली जुनी चादर ताणून बांधली. धुळीचं भागलं, पण पावलांबरोबर आवाजही होता. गृहस्थ चालता चालता बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे तेच तेच. आठवडाभर तिनं सोसलं. मग एका दुपारी केरसुणीचा दांडा घेऊन छतावर तीनदा ठोकला.

पावलं थांबली, जिना वाजला आणि दारात एक उंच, वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा असेल. बाहीला शाई लागलेली.

"माझ्या चालण्याचा त्रास होतो का?"

"चालण्याचा नाही," ती म्हणाली. राग आला की ती स्पष्ट बोलायची, एरवी नाही. "एकच ओळ सतरा वेळा म्हणता, त्याचा होतो. एकदा थंडीनं काच पांढरी होते, एकदा काचेवर थंडी बसून राहते. एक काय ते ठरवा ना."

तो माणूस जरा गोंधळला. मग त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्हाला कुठली बरी वाटते?"

"बसून राहते ती."

"का?"

"थंडी बसतेच. सकाळी माझ्या बोटांवर बसते."

त्यानं मान डोलावली आणि तो वर गेला. थोड्याच वेळात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर ती ओळ पुन्हा ऐकू आली नाही. त्या दिवशी तिला एक गोष्ट कळली, ती पुढे बारा वर्षं उपयोगी पडली. खुर्ची सरकली की समजायचं, ओळ ठरली, आता कागदावर उतरली.

पोरांनी त्या गृहस्थांचं नाव येरझारे ठेवलं होतं. गल्लीनं तेच उचललं आणि मग तीही मनातल्या मनात त्यांना येरझारेच म्हणू लागली.

त्या काळात कविता करणाऱ्याला दोन गोष्टी लागायच्या, मोठा आश्रयदाता आणि मोठे शब्द. वसंत ऋतूला देवी म्हणायचं, चंद्राला राजा म्हणायचं आणि शेवटच्या कडव्यात आश्रयदात्याला दोघांच्याही वर बसवायचं. येरझाऱ्यांनी तरुणपणी हे करून पाहिलं होतं म्हणतात. जमलं नाही. ते कोठारातल्या उंदरांवर लिहायचे, पुलावर अडलेल्या गाडीवर, काचेवरच्या थंडीवर, मेलेल्या आईवर. लोक बाजारात बोलतात त्या शब्दांत. सुरुवातीला त्यांचे तीन मित्र दर सुट्टीच्या दिवशी यायचे. वाचन व्हायचं, मग वाद. "अहो, पण यात कविता कुठे आहे?" असं एकदा एकानं विचारलेलं खालपर्यंत ऐकू आलं होतं. मग तिघांचे दोघे झाले, दोघांचा एक झाला, आणि तो एक परगावी गेला. मासिकांना पाठवलेल्या कविता साभार परत यायच्या. टपालवाला पाकीट खालीच ठेवून जायचा, तेव्हा पाकिटाच्या जाडीवरून तिलाही समजायचं.

ती ऐकत होती असं म्हणणंही बरोबर नाही. तिला दुसरा इलाज नव्हता. हात चालू, डोळे चिरेवर, कान मोकळे. पहिल्या वर्षी ओळी नुसत्या कानावरून गेल्या. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की टाके ओळींच्या तालावर पडताहेत. तिसऱ्या वर्षापासून येरझारे एखाद्या शब्दाशी अडले की तीही अडायची. सुई हवेत धरून थांबायची. वर पावलं फिरताहेत, एक शब्द टाकून पाहताहेत, दुसरा टाकून पाहताहेत. आणि खुर्ची सरकली की तीही सुई खाली घालायची.

बोलणं मात्र जवळजवळ नाहीच. जिन्यात भेट झाली तर ते टोपी काढायचे, ती बाजूला सरायची. "आज गारठा आहे." "हो, आहे." बारा वर्षांत असं बोलणं वीसेक वेळा झालं असेल. काच आणि थंडीच्या त्या भांडणानंतर त्यांनी पुन्हा कधी तिला काही विचारलं नाही. आणि आपण होऊन सांगावं, तर काय सांगणार? मला तुमच्या कविता येतात, असं एका काजं करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिला वाटायचं, ते हसतील. किंवा त्याहून वाईट, ते हळू आवाजात बोलायला लागतील.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात येरझाऱ्यांचा खोकला छातीत उतरला. पावलं सातांची पाच झाली, मग थांबली. घरमालकिणीचे गुडघे जिन्याला तयार नव्हते, म्हणून एका दुपारी दुधाचा पेला घेऊन काजवाली पहिल्यांदा वर गेली. खोली रिकामी म्हणावी इतकी साधी. पलंग, टेबल, ती खुर्ची, आणि खिडकीपासून दारापर्यंत फळ्यांवर घासून गेलेला फिकट पट्टा. टेबलावर कागदांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले.

त्यांनी दोन घोट घेतले. मग त्या गठ्ठ्यांकडे पाहत म्हणाले, "एवढं सगळं केलं. पण ऐकलं नाही हो कुणी."

तिच्या तोंडाशी आलं होतं. एकशे चौदा कविता तिच्या घशाशी येऊन थांबल्या होत्या. ती म्हणाली, "पाणी देऊ का?"

"नको," ते म्हणाले. "बसायचं असेल तर बसा थोडं."

"डगले पोचवायचेत," असं म्हणून ती खाली आली. डगले दुसऱ्या दिवशी पोचवले असते तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुतण्या आला. सालस मुलगा होता, पण त्याला घाई होती. पलंग, टेबल विकलं, कपडे वाटले, कागद रद्दीत घातले. पंधरा दिवसांनी ती नव्या कामासाठी शिंप्याकडे गेली तेव्हा तो जाड कागदांचे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने, कापत बसला होता. बाहीचा बेत, कॉलरचा बेत, पाठीचा. त्यावर बारीक, तिरक्या अक्षरांच्या रांगा.

"कागद चांगला मिळाला या खेपेला," शिंपी म्हणाला. "तुमच्या वरच्या म्हाताऱ्याचाच. दोन्हीकडून लिहून ठेवलाय बघा, पण कात्रीला काय त्याचं?"

तिनं बाहीचा बेत उचलून उजेडात धरला. यात पुलावरची गाडी असेल की उंदीर असतील, तिला कळेना. तिनं तो खाली ठेवला, सहा डगले खांद्यावर टाकले आणि ती घरी आली.

वरची खोली लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं गठ्ठे ठेवायला घेतली. आता वर पाऊल वाजत नव्हतं, धूळ पडत नव्हती. लोकरीनं गल्लीतला आवाजसुद्धा दाबून टाकला. ताणलेली चादर तिनं सोडून धुऊन टाकली. पहिल्या महिन्यात तिची काजं वाकडी व्हायला लागली. शिंप्यानं दोन डगले परत पाठवले, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. तेव्हा तिनं स्वतःच म्हणायला सुरुवात केली. ओठांतल्या ओठांत, टाक्याला टाका. पहिल्या सकाळी उंदरांपासून सुरुवात, उजेड जाईपर्यंत आईपर्यंत यायचं. सगळ्या एकदा संपायला चार दिवस लागायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या बायकांना खिडकीतून तिचे ओठ हलताना दिसायचे. काजवाली भ्रमिष्ट झाली, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्या तिला जास्तच सांभाळून बोलू लागल्या. म्हणजे बोलतच नाहीशा झाल्या.

अशी नऊ वर्षं गेली.

मधल्या काळात बाहेर हवा बदलली होती. लोकांना देव्या आणि राजे यांचा कंटाळा आला होता. परगावी गेलेला तो शेवटचा मित्र आता एका मासिकाचा संपादक झाला होता. त्याच्या जुन्या पत्रांत येरझाऱ्यांच्या दोन कविता सापडल्या, त्या त्यानं छापल्या आणि लोक विचारायला लागले, हा कोण, याचं आणखी काही आहे का? शहरातल्या एका शाळेतल्या मास्तरांनी ते मनावर घेतलं. पत्ता काढत पंचाण्णवच्या उन्हाळ्यात ते या घराच्या दारात येऊन उभे राहिले. तिशीचे, किडकिडीत, बोलताना सारखे चश्मा पुसणारे.

"कागद?" घरमालकीण म्हणाली. "ते केव्हाच गेले. लोकांच्या अंगावर डगले होऊन फिरताहेत."

मास्तरांचा चेहरा पडला. काजवाली आपल्या दाराआड उभी राहून ऐकत होती. ते जायला वळले, गल्लीच्या तोंडाशी पोचले, तरी तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मग तिला दुधाचा तो पेला आठवला. ती हातातल्या डगल्यासकट धावली. बावन्न वर्षांची बाई, सुई कापडाला लोंबकळतेय, दोरा मागे उडतोय.

"अहो मास्तर! कागद नाहीत. पण मला येतात."

"काय येतं?"

"त्यांच्या कविता."

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. "तुम्ही वाचल्यात?"

"मला वाचता येत नाही."

"मग?"

तिनं सुईनं वर बोट केल्यासारखं केलं. गल्लीत वर नुसतं आकाश होतं, तेव्हा तिला स्वतःलाच हसू आलं. "चला. सांगते."

पहिल्या दिवशी मास्तर लिहायची तयारीसुद्धा करून बसले नाहीत. सभ्यपणा म्हणून ऐकून घ्यावं आणि जावं, असा त्यांचा बेत असणार. ती सुई चालवत म्हणू लागली, कारण हात थांबले की तिला ओळी सापडत नसत.

धोब्याचं गाढव उभं पुलापाशी,
पाठीवर ओल्या कपड्यांचा गाव;
कुणाच्या बाह्या, कुणाच्या कंबरा,
त्याला ठाऊक नाही कुणाचंच नाव.

मास्तरांनी चश्मा काढला. "थांबा, थांबा. पुन्हा म्हणा." आणि त्यांनी खिशातून कागद काढला.

उन्हाळाभर ते येत राहिले, शाळा सुटली की. खिडकीशी ती, समोर पालथ्या टोपलीवर ते. तिला एवढं बोलायची सवय राहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात घसा बसला. मास्तरांनी येताना मध आणला.

एके दिवशी आईवरची कविता आली. तिनं दोन ओळी म्हटल्या, मग मान हलवली, मग शेवटची म्हटली.

आई, तुझा आवाज विसरलो मी,
शब्द तेवढे राहिले...

आणि मी मागे पाहिले.

"मधली एक ओळ गेली," मास्तर म्हणाले.

"गेली नाही, मिळालीच नाही. ते म्हणाले तेव्हा रस्त्यावरून पिंपांची गाडी गेली. आणि एकदाच म्हणाले हो. इतर ओळी दहादहा वेळा घोळवायचे, ही एका दमात आली आणि लगेच खुर्ची सरकली. मी पुष्कळ वाट पाहिली. पुन्हा म्हणालेच नाहीत."

"एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सुचलं असेल ना तिथे?"

"सुचायचं काय त्यात? ते बोलले ते मी सांगते. जे ऐकलं नाही ते माझ्याजवळ नाही."

मास्तरांनी ठिपके मांडले.

आणखी एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यावर लिहिलेली कुठली?"

तिची सुई चालतच होती. "माझ्यावर नाही."

"एकही नाही? बारा वर्षं खाली तुम्ही, वर ते."

"घरमालकिणीच्या मांजरावर तीन आहेत. टपालवाल्याच्या बुटावर एक आहे. जिन्यात एकदा कुणाची तरी सावली येते, ती माझी असेल म्हणून मी पुष्कळ दिवस धरून चालले होते. पण पुढच्या कडव्यात तिला दाढी आहे." ती हसली. मास्तरांना हसावं की नाही ते कळेना. मग ती म्हणाली, "मीच कधी काही बोलले नाही ना. शेवटी ते म्हणाले, कुणी ऐकलं नाही. आणि मी म्हणाले, पाणी देऊ का."

 मास्तरांनी लिहिलेला कागद वाळायला खिडकीत धरला आणि तो वाळल्यावरसुद्धा बराच वेळ तसाच धरून ठेवला.

पुढल्या वर्षी पुस्तक निघालं. मास्तर ते घेऊन आले तेव्हा पोराच्या बारशाला आल्यासारखे खुशीत होते. छापायच्या आधी शहरातल्या एका नावाजलेल्या पंडितांनी पुस्तक तपासलं होतं. त्यांची प्रस्तावनाही होती. मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली. "या कविता कवीच्या घरी चाकरीस असलेल्या एका वृद्धेच्या मुखातून..."

"मी त्यांच्या चाकरीला कधीच नव्हते," ती म्हणाली. "आणि वृद्धा कोण?"

"ते राहू द्या हो. कविता ऐका."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. रजकाचा अश्व उभा सेतूपाशी, पृष्ठी आर्द्र वसनांचा भार. तिची सुई थांबली. मास्तर वाचत गेले आणि आईवरच्या कवितेशी आले. तिथे आता ठिपके नव्हते. तिथे होतं, अश्रू दाटले दोन्ही नयनी.

"हे त्यांचं नाही," ती म्हणाली.

"पंडितांनी थोडं सुधारलंय. गाढव वगैरे पुस्तकात बरं दिसत नाही असं त्यांचं..."

"त्यांना कुणी सांगितलं होतं?"

मास्तर चश्मा पुसू लागले. मग खाली मान घालून म्हणाले, "मी विरोध करायला हवा होता. त्यांच्यापुढे बोलवेना मला."

असं न बोलणं तिला चांगलंच ओळखीचं होतं. तिनं डगला बाजूला ठेवला आणि डोक्याला रुमाल बांधला. "चला. कुठे राहतात ते?"

पंडितांचं घर टेकडीवर होतं. भिंतीभर पुस्तकं, पायाखाली जाड सतरंजी, इतकी की स्वतःची पावलं ऐकू येत नव्हती. पंडित वयस्क, गोरेगोमटे, वागायला अत्यंत नम्र. त्यांनी तिला खुर्ची दिली. तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेतच. पण लाकडी जमिनीतून ऐकलेलं, तेही इतक्या वर्षांपूर्वी. कानाची चूक होणारच. एक जाणता कवी ओल्या कपड्यांचा गाव म्हणेल का? कपड्यांचा गाव कसा असेल? भारच म्हणाला असणार."

"आधी भारच म्हणाले होते," ती म्हणाली.

पंडित थांबले. "म्हणजे?"

"पहिल्या दिवशी भार. तेव्हा शेवटची ओळ होती, त्याला ठाऊक नाही कुणाचं घरदार. ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ढीग म्हणाले, डोंगर म्हणाले. डोंगर दुपारभर चालला. मग रागावून खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या गाव म्हणाले. एकदाच, हळू. मग हसले. मग शेवटची ओळ मोडून कुणाचंच नाव असं केलं, आणि खुर्ची सरकली. गाढवाला आधी थकलेलं जोडलं होतं, मग वाकलेलं, मग काहीच नाही. अश्व कधीच नव्हता. आमच्या पुलावर घोडा येत नाही."

 तिला घाम आला होता. रिकाम्या हातांनी एवढं ती पहिल्यांदाच बोलली होती. पंडितांनी पुस्तक उघडलं, ती कविता काढली, ओठ हलवत एकदा वाचली. मग दुसरं पान काढून म्हणाले, "आणि ही? कोठारातल्या उंदरांची?"

तिनं तिच्याही खोडलेल्या ओळी सांगितल्या, क्रमानं, कोणती कोणत्या दिवशी टाकली ते. उंदरांनंतर पुलावरची गाडी. पंडितांनी दौत पुढे ओढली. थोड्या वेळानं त्यांनी मास्तरांना हळूच विचारलं, "हे सगळं यांच्यापाशी आहे? प्रत्येक कवितेचं?"

"मलाही माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

"मला वाटलं, टाकून दिलेलं तुम्हाला नको असेल," ती म्हणाली.

त्या वर्षी पंडितांची गाडी तिला आठवड्यातून दोनदा न्यायला यायची. गल्ली दारात येऊन बघायची. पंडित माणूस हट्टी, पण चूक कळल्यावर ती मागेपुढे न बघता निस्तरणारा निघाला. सतराशे अठ्ठ्याण्णव साली पुस्तक दुसऱ्यांदा छापलं. त्यात गाढव परत आलं, ठिपके परत आले आणि शेवटी चाळीस पानं खोडलेल्या ओळींची जोडलेली होती. प्रस्तावनेत चाकरीचा शब्द काढला होता. तिचं नाव घालू का, असं पंडितांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. लोक काजं सोडून तेच विचारत बसतील." त्यांनी फार आग्रह केला नाही.

काम संपल्यावर गाडी यायची थांबली. मास्तर अधूनमधून यायचे, पण त्यांचंही लग्न झालं, घर लांब गेलं. एका हिवाळ्यात त्यांनी तिला अक्षरं शिकवायला घेतली. ती अर्ध्या मुळाक्षरांपर्यंत पोचली. पण तोवर तिचे डोळे अधू झाले होते, सुईत दोरा ओवायला समोरच्या बाईला हाक मारावी लागायची. पाटी तशीच राहिली. अठराशे एक साली शिंप्यानं तिला काम द्यायचं बंद केलं. वाईट वाटून घेत, नजर चुकवत, पण केलं. मग बहिणीचा थोरला मुलगा येऊन तिला गावी घेऊन गेला. खोलीतलं सामान एका गाठोड्यात मावलं. पुस्तक तिनं घेतलं होतं की नाही, कुणाला आठवत नाही.

बहिणीचं घर भरलेलं. मुलं, सुना, नातवंडं, दिवसभर दारांची उघडझाप. सगळ्यांनी तिला नीट ठेवलं. ती चुलीजवळ बसायची, भाजी निवडायची, सुनांच्या पोरांच्या कपड्यांना चाचपडत काजं करायची. तीन वर्षं राहिली. एका सकाळी उठली नाही.

मास्तरांना हे चार महिन्यांनी कळलं. शाळेला सुट्टी लागताच ते दोन दिवसांचा प्रवास करून त्या गावी गेले. बहिणीनं त्यांना बसवलं, दूध दिलं. ती काजवालीसारखीच दिसत होती, फक्त जाड आणि बोलकी. हा शहरातला चश्मेवाला माणूस आपल्या बहिणीसाठी एवढ्या लांब का आला, ते तिच्या लक्षात येत नव्हतं.

"तुमची कोण लागायची ती?"

"तसं कुणी नाही," मास्तर म्हणाले. "त्यांनी मला एकशे चौदा कविता दिल्या."

"कविता?" बहीण हसली. "आमच्या ताईनं? तिला सही येत नव्हती हो."

मास्तरांनी सगळं सांगितलं. बहीण कानामागे हात धरून ऐकत होती. मध्येच एक सून येऊन दारात उभी राहिली, मग दुसरी. सांगून झालं तेव्हा बहिणीचं हसू मावळलं होतं.

"तीन वर्षं होती इथे," ती म्हणाली. "दिवसभर काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं टाके मोजते. एकदा मी ओरडलेसुद्धा, मोजायला आता कुठला शिंपी बसलाय म्हणून. तर गप्प झाली. मग ओठसुद्धा हलवायची नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हणून दाखवायचं तरी ना मला."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला येते त्यातली एखादी?"

मास्तरांनी गाढवाची सुरू केली. शंभरदा वाचलेली, स्वतःच्या हातानं लिहिलेली, दोनदा छापून तपासलेली. दुसऱ्या कडव्याशी ते अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथेच अडले. सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि चश्मा पुसला.

बहिणीनं आपलं आसन जवळ ओढलं. "वाचा," ती म्हणाली. "पण मोठ्यानं हं. मला कमी ऐकू येतं."